काचमण्यांचा झगा आणि खानापूरचा पाऊस

प्रश्न : माझी आजी बेळगावच्या कॅम्पात शिवणकाम करीत असे. मायदेशी परतताना एका इंग्रज बाईंनी तिला दिलेला मण्यांचा झगा आमच्या ट्रंकेत आहे. कापड झिरझिरीत रेशमी, बाह्या नाहीत, कंबर बरीच खाली उतरलेली, लांबी गुडघ्यापर्यंत आणि वजन अडीच किलो. खांद्यावर चीर पडली असून मणी गळतात. धुऊन, हँगरला लावून काचेच्या कपाटात ठेवावा का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कृपया तो धुऊ नका आणि टांगूही नका. तुम्ही वर्णन केलेली ठेवण 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातील दिसते. अशा झग्याचे सारे वजन खांद्यांवरील दोन बोटे रुंदीच्या रेशमावर येते, म्हणूनच चीर तिथे पडली आहे. हँगरवर ती रोज थोडी वाढेल. संग्रहालयांतही असे जड पोशाख आडवेच ठेवतात.

आता झगा हलकेच उलटा करून पाहा. आतल्या बाजूला साखळीटाक्याच्या ओळी दिसल्या, तर या झग्यातले कसब नेमके कुठे नाते सांगते ते कळेल : आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर होते तेच हे आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईने केलेले भरतकाम. त्यात एकच दोरा अखंड धावतो, त्यामुळे सुटलेले टोक ओढले की ओळभर मणी घरंगळतात. ते टोक बारीक सुईने आत घेऊन गाठ मारावी आणि गळलेले मणी जागेची नोंद करून पुडीत ठेवावेत. नवे मणी भरण्याचा मोह मात्र टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चपट्या टिकल्याही असतील, तर त्या काळी अनेक टिकल्या जिलेटिनच्या असत. पाण्याने त्या विरघळतात, इस्त्रीच्या उष्णतेने वितळतात. काही जुने काचमणी दमट हवेत चिकट होऊन दोराही कुजवतात, आणि खानापूरच्या पावसाळ्यात हा धोका खराच आहे. म्हणून प्लास्टिकची पिशवी नको. धुतलेली, खळ नसलेली पांढरी मलमल अंथरून झगा मोठ्या खोक्यात पसरावा आणि घडी अटळच असेल तिथे मलमलीची गुंडाळी घालावी. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दोघांनी मिळून, खालून दोन्ही हातांचा आधार देत तो बाहेर काढावा, कसर लागली नाही ना ते पाहावे आणि घडीची जागा बदलावी.