विनोद त्या मुलाचा असू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

दूरचित्रवाणीसाठी प्रहसने लिहिणारा तुझ्यासारखा लेखक कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहू लागला, याचा मला मनापासून आनंद आहे. अमेरिकेतील सुझान कॉलिन्स यांनी १९९१ पासून मुलांच्या मालिकांसाठी लेखन केले. त्यांची पहिली कादंबरी २००३ मध्ये आली आणि ‘द हंगर गेम्स’ २००८ मध्ये. त्या कादंबरीत हसू फारसे नाही, परंतु प्रकरण कोठे तोडावे याची मालिकालेखनात मुरलेली जाण तिच्यात दिसते. ती जाण तुझ्याकडेही आहे.

तुझी प्रकरणे वाचली. आईवडील मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि आठवीतला मुलगा आजीजवळ गेवराईकडच्या गावी मागे राहतो, हा विषय मोलाचा आहे. अडचण एवढीच, की त्या मुलाचे प्रत्येक वाक्य पंचवर, म्हणजे हशा वसूल करणाऱ्या शब्दावर, संपते. प्रहसनात ते योग्यच असते, कारण तेथे विनोद प्रेक्षकांसाठी असतो आणि तो पेलायला नट असतो. कादंबरीत मात्र मुकादम दारात उभा असताना हा मुलगा विनोद करतो तो कोणासाठी, हे तुला ठाऊक हवे. आजीने रडू नये म्हणून करत असेल, तर तो फसू दे. नटांसोबत संहितेचे रीडिंग करताना ज्याला हशा येत नाही तो पंच आपण कापतो. येथे नेमक्या त्याच जागी वाचकाला तो मुलगा भेटेल. पैठणच्या एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडात बोलणारा वेदनेने कळवळत असतो आणि ऐकणारे हसत असतात. हसू आणि वेदना एकाच तोंडून कशा येतात, हे तेथे पाहा.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला अधिक लागते. पडद्यावर आपल्या मराठवाड्याची बोली बहुतेक वेळा हशा पिकवण्यासाठी वापरली जाते. तुझ्या कादंबरीत ‘कामून’ आणि ‘जायलो’ म्हणणारा मुलगा त्याच बोलीत भितो, रुसतो, विचार करतो. म्हणून निवेदनातही तिला जागा दे आणि केवळ गमतीच्या संवादापुरती ती राखून ठेवू नकोस.

वाहिनीचे काम इतक्यात सोडू नकोस. कादंबरीचे मानधन उशिरा आणि थोडे येते, आणि घाईने संपवलेले पुस्तक कुमारवयीन वाचक लगेच ओळखतात.

पुढचा खर्डा मुकादमाच्या प्रसंगापासून नव्याने लिही आणि मला पाठवण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतील आठवीच्या वर्गात वाचून दाखव. मुले कोठे हसली याच्याबरोबरच कोठे गप्प झाली, तेही समासात लिहून ठेव.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही