बाटिकच्या कापडाची षटकोनी तुकड्यांची गोधडी शिवतेय, पण कोपरे जुळत नाहीत. कापण्यात चुकतंय की शिवण्यात?

कापण्यात.

एवढं ठाम सांगते, कारण आमच्या सांगलीच्या घरात यावरून मोठ्या जाऊबाईंशी माझं अजून वाजतं. त्यांच्या हातची वाकळ बघत राहावी अशी. जुनी लुगडी, जाड दोरा, आणि धावदोरा असा की पट्टी लावून ओढलाय. पण लेक बाळंतपणाला येणार म्हणून मी बाटिक आणलं होतं, मोरपंखी, गुलबक्षी आणि हळदी. दोन इंच बाजूचा षटकोन धरला तर पाच फूट बाय साडेसात फुटांना ५२० च्या आसपास तुकडे लागतात. निम्मे कापायला जाऊबाईंना दिले, सोबत साचाही दिला. त्यांनी पहिला तुकडा साच्यावरून कापला, दुसरा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून. चाळिसावा मी साच्यावर ठेवून पाहिला, तर सगळीकडून दोन सूत, म्हणजे पाव इंच बाहेर!

तोवर बरेच जोडून झाले होते. मधला भाग पुरीसारखा फुगला. "धुतल्यावर बसंल गं, कापड कुठं गणितात बसतंय?" म्हणाल्या. नाही बसलं. तीन आठवडे उसवत होते मी, बाटिकवर सुईची भोकं राहिली ती वेगळीच.

कापड गणितातच बसतं, जाऊबाई. एका बिंदूत तीन षटकोन भेटतात, १२० चे तीन कोन, ३६० पूर्ण. एकाचा १२५ झाला तर जादाच्या कापडाने जायचं कुठे? शिवाय षटकोनाच्या दोनच बाजू सरळ धाग्यावर येतात, बाकीच्या चार उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या. त्या हातात ताणल्या जातात.

म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आत षटकोनी कागद हवाच. मी जुन्या लग्नपत्रिका वापरते, जाडी बरोबर असते. प्रत्येक कागद मूळ साच्यावरूनच कापायचा. कापड पाव इंच जास्त ठेवून कागदावर दुमडायचं, कच्चा टाका घालायचा, मग दोन कडा समोरासमोर धरून अगदी काठावरून बारीक टाके. सहाही बाजू जोडल्याशिवाय कागद काढू नका. बाटिकची वीण घट्ट असते, सुई बारीक घ्या. रंग दोन्हीकडून सारखाच असतो, त्यामुळे उलटसुलट बघायची कटकट नाही. तीन रंगांत शेजारी-शेजारी एकच रंग न येता अख्खी गोधडी भरते, जास्त रंग जमवत बसू नका.

हळदीचं बोट लागलेली पत्रिका मात्र घेऊ नका, माझ्या पांढऱ्या अस्तरावर डाग उतरला. आणि मशीनवरच शिवायची असेल तर माझा कागद उपयोगाचा नाही, तिथे सरळ चौकोन घ्या. जुन्या लुगड्यांच्या वाकळीला यातलं काहीच लागत नाही, तिथे जाऊबाईंचाच हात खरा. पण साचा एकदा हातात दिला की शेवटच्या तुकड्यापर्यंत तोच वापरायचा.