मेल करू की व्हॉट्सॲप?

संपर्कात राहायला ई-मेल बरा की व्हॉट्सॲप, फेसबुक यांवरचे संदेश बरे, याबद्दल मुंबईच्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, पण तिने पाठवलेली तिकिटं, विम्याचे कागद, घराचा पत्ता ऐन वेळी सापडत नाही. ती म्हणते, "आई, महत्त्वाचं असेल ते मेलवर ठेवूया." दोन्हीकडे लक्ष ठेवायचं म्हणजे दुप्पट काम नाही का?
– निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

मुलगी बरोबर सांगते आहे. पाठवण्याआधी एवढंच बघा: हा मजकूर महिन्याभराने पुन्हा लागणार आहे का? लागणार असेल तर मेल, नाहीतर व्हॉट्सॲप. "पोचलो", "ताप उतरला", "आज पाऊस फार आहे" हे व्हॉट्सॲपवरच शोभतं. तिकिटं, व्हिसाचे कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, पत्ते, अगदी उकडीच्या मोदकांचं प्रमाणसुद्धा मेलवर जाऊ द्या.

व्हॉट्सॲपवर कागद हरवतात त्याला कारण आहे. संदेश पोचला की कंपनी तो स्वतःकडे जपून ठेवत नाही. तो तुमच्या फोनमध्ये असतो. आलेली फाइल तेव्हाच उतरवून घेतली नाही तर काही दिवसांनी ती उघडतच नाही, पुन्हा मागवावी लागते. फोनमधली जागा करताना ती पुसली गेली तरी तेच. जीमेलमधला मेल गूगलच्या सर्व्हरवर असतो. फोन पाण्यात पडला तरी शेजारच्या संगणकावरून तो उघडता येतो.

मेल लिहिताना विषयाच्या ओळीवर कष्ट घ्या. "फोटो" किंवा "हाय" असा विषय पुढे कोणालाच सापडत नाही. "आई-बाबा, विमान तिकीट, मुंबई-न्यूअर्क, १२ डिसेंबर" असा लिहा. "तिकीट" देवनागरीत लिहिलं असेल तर शोधतानाही देवनागरीतच टाइप करा. रोमन लिपीत शोधलंत तर ते समोर येणार नाही. आणखी एक चूक फार जण करतात: मुलीचा जुना मेल उघडायचा, "रिप्लाय" दाबायचा आणि विषयाची ओळ तशीच ठेवून भलतंच काही लिहायचं. जीमेल ते सगळं एकाच गठ्ठ्यात ठेवतं आणि नवा कागद जुन्या विषयाखाली दडून बसतो. नव्या कामाला नवा मेल.

दुप्पट काम होत नाही. मेल पाठवला की व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "मेल केलाय, बघ," पण तिची वेळ बघून. न्यू जर्सीत हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे घड्याळ असतं. तुमची दुपारची दोनची वेळ म्हणजे तिची पहाट. त्या वेळी व्हॉट्सॲप टिणटिणलं तर झोपमोड होते. मेल सकाळी उठून वाचता येतो. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये मेल लिहून झाला की वरच्या तीन ठिपक्यांत "शेड्यूल सेंड" आहे, तिथे हवी ती वेळ देता येते.

प्रश्न : मला मेल पाठवला की पाठवणाऱ्याकडे परत जातो, जागा भरली आहे म्हणून. मी मेल फारसा वापरतच नाही. जागा भरली कशी?
– मुलुंड

बहुधा व्हॉट्सॲपने भरली. गूगल फुकट १५ जीबी जागा देतं आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज यांच्यात वाटलेली असते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप (गप्पांची जपून ठेवलेली प्रत) पूर्वी या हिशेबात धरत नसत, आता धरतात. म्हणजे ग्रुपवर आलेले लग्नाचे आणि आरत्यांचे व्हिडिओ बॅकअपमधून तुमच्या खात्यात जाऊन बसतात आणि बँकेचा मेल दारातून परत जातो.

व्हॉट्सॲप उघडा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथे "इन्क्लूड व्हिडिओज" बंद करा. मग सेटिंग्जमधल्या "स्टोरेज अँड डेटा"मध्ये "मॅनेज स्टोरेज" उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल तिथे वेगळ्या काढलेल्या दिसतात. नको त्या पुसा आणि त्यानंतर एकदा "बॅकअप" दाबा, कारण नवा बॅकअप झाल्याशिवाय खात्यातला जुना, फुगलेला बॅकअप लहान होत नाही. ही शेवटची पायरी राहिली तर सगळी साफसफाई वाया जाते. जीमेलमधून पुसलेले मेलही ३० दिवस ट्रॅशमध्ये जागा अडवतात. ट्रॅश रिकामा करा.

मेल अजिबात न वापरणंही बरं नाही. दोन वर्षं कोणतीच हालचाल नसलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, आणि याहूची मुदत बारा महिन्यांची आहे. रेडिफमेलच्या काळापासून कोणाकडे जुनं खातं पडून असेल तर त्यातले फोटो आणि पत्रं आताच उतरवून घ्या.

प्रश्न : महिनाअखेर निवृत्त होतोय. मोबाइल नंबर आणि मेल दोन्ही ऑफिसचे, दोन्ही परत द्यायचे आहेत. पंचवीस-तीस वर्षांची माणसं हातची जाणार का?
– परळ

पंधरा दिवस आधी सुरुवात केलीत तर एकही जाणार नाही. शेवटच्या दिवशी धावपळ केलीत तर बरीच जातील, कारण ऑफिस ते सिमकार्ड लगेच दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती देऊ शकतं. त्याने त्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमच्या फोनवरचं बंद पडतं, आणि तुम्ही ज्या ग्रुपमध्ये होता तिथले पुढचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. घरच्या ग्रुपचेसुद्धा.

सगळ्यात आधी ऑफिसला विचारा, नंबर माझ्या नावावर करून देता का? कंपनीने अधिकारपत्र दिलं तर हे होऊ शकतं. नाही म्हणाले तर नवं सिम घ्या आणि जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप चालू असतानाच सेटिंग्ज, अकाउंट, "चेंज नंबर" इथे जा. जुना नंबर, नवा नंबर लिहा, नव्या नंबरवर आलेला कोड टाका. गप्पा आणि ग्रुप जसेच्या तसे येतात, ग्रुपमधल्यांना बदल आपोआप कळतो, इतर ओळखीच्यांना कळवायचं का, ते ॲप विचारतं. बरेच जण हे न करता नव्या सिमवर नव्याने व्हॉट्सॲप सुरू करतात. मग जुन्या गप्पा परत येत नाहीत, कारण बॅकअप जुन्या नंबराशी बांधलेला असतो.

अँड्रॉइड सोडून निवृत्तीच्या भेटीत मिळालेला आयफोन घेणार असाल तर हे दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका. अँड्रॉइडचा गूगल खात्यातला बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. त्यासाठी नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करताना अँड्रॉइडवर "मूव्ह टू आयओएस" हे ॲप वापरावं लागतं. आधी नंबर बदला, चार दिवसांनी फोन.

व्हॉट्सॲपबरोबर आणखी बरंच काही त्या नंबराला टांगलेलं असतं. बँक, यूपीआय, आधार, डिमॅट, गॅस आणि जीमेलचा "रिकव्हरी" नंबर यांची यादी करा आणि एकेक बदला. आधारचा मोबाइल नंबर घरबसल्या बदलेल या भरवशावर राहू नका. केंद्रावर जायला लागेल असं धरून वेळ काढा.

आता मेल. आमच्या मते निवृत्तीच्या कितीतरी आधी प्रत्येकाचा एक स्वतःचा पत्ता असायलाच हवा, कारण ऑफिसचा पत्ता हा ऑफिसच्या मालकीचा. नाव-आडनाव असा सोपा पत्ता घ्या, जन्मसाल त्यात घालू नका. तो मिळाला की जुन्या पत्त्यावरून निरोपाचा मेल पाठवा आणि नवा पत्ता व नवा नंबर विषयाच्या ओळीतच लिहा, म्हणजे मेल न उघडणाऱ्यालाही दिसेल. ऑफिसची कागदपत्रं मात्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवून ठेवू नका. ते बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध असतं.

नंबर बदलू शकतो, ॲपही बंद पडू शकतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला. तिथे जोडलेल्या कित्येकांचा दुसरा पत्ता कोणाकडेच नव्हता. ई-मेल एका कंपनीच्या ताब्यात नसतो. जीमेलवरून याहूवर, याहूवरून ऑफिसच्या मेलवर पत्र जातंच. दुरावू नयेत असं ज्यांच्याबद्दल वाटतं, त्यांचा मेल पत्ता आजच मागून घ्या.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. स्नेहसंमेलनाची तारीख सुप्रभातांखाली गाडली जाते. चारपाच जण व्हॉट्सॲपवर नाहीतच. काय करावं?
– बोरिवली

सुप्रभात बंद करायला जाऊ नका, माणसं दुखावतात. गप्पांचा ग्रुप तसाच राहू द्या आणि "फक्त सूचना" असा दुसरा काढा. त्यात ग्रुपच्या माहितीत "ग्रुप परमिशन्स" उघडून संदेश पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनना द्या. तारखेचा संदेश पिन करा, म्हणजे तो ग्रुपमध्ये वरच दिसत राहतो. पिनची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. तारीख ठरवायला पोल वापरा, म्हणजे "मला रविवार चालेल" असे चाळीस संदेश येणार नाहीत.

ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगळा पाठवणाऱ्या यादीचा, मोह टाळा. एका यादीत २५६ जण मावतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश जातो, आणि कोणाला गेला नाही ते तुम्हाला सहजासहजी कळत नाही.

जागा, वेळ, वर्गणी आणि कार्यक्रम एकदाच, एका मेलमध्ये सगळ्यांना कळवा. "टू"मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे "बीसीसी"मध्ये. असं केलं नाही तर एकाने "रिप्लाय ऑल" दाबला की साठ जणांना "अभिनंदन" जातं, शिवाय सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना कळतात. एकदम अनेकांना गेलेला मेल काहींच्या स्पॅममध्ये पडतो, म्हणून सूचनांच्या ग्रुपवर लिहा, "मेल दिसत नसेल तर स्पॅम बघा आणि 'नॉट स्पॅम' दाबा." परत आलेले मेल वाचा; बहुतेकदा पत्त्यात एखादं अक्षर चुकलेलं असतं. नावं, नंबर आणि मेल पत्ते यांची यादी निदान दोघांकडे असू द्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेले लग्नाचे फोटो छापले तर धूसर येतात.
– दादर

व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. पाठवणाऱ्याने फोटो निवडल्यावर "एचडी" दाबलं तर बरा येतो, पण मूळ फोटो हवा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. तेव्हा फोटो कुठे काढला ती जागाही फाइलसोबत जाऊ शकते, म्हणून घरातले फोटो अनोळखी माणसाला असे पाठवू नयेत. जीमेलमधून २५ एमबीपर्यंत फोटो जसेच्या तसे जातात. त्याहून जास्त झाले की मेलमध्ये ड्राइव्हची लिंक जाते आणि इथेच घोळ होतो: परवानगी दिली नसेल तर समोरच्याला फोटो उघडत नाहीत, आणि पाठवणाऱ्याने ड्राइव्हमधून ते पुसले तर लिंक मरते. लिंक आली की फोटो उतरवून घ्या.

प्रश्न : आधार, पॅन पाठवायला जास्त सुरक्षित काय?
– घाटकोपर

वाटेत व्हॉट्सॲप जास्त सुरक्षित. २०१६पासून तिथे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. साध्या मेलला हे संरक्षण नाही. बॅकअपला मात्र ते आपोआप लागू होईल असं धरू नका, चॅट बॅकअपमध्ये "एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप" चालू आहे का, ते तपासा.

पण कागद वाटेत क्वचितच फुटतात. ते चुकीच्या ग्रुपवर पडतात किंवा चुकीच्या माणसाला जातात. व्हॉट्सॲपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ चालतं, अर्थात तोवर समोरच्याने बघितलेलं असू शकतं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल जास्तीत जास्त ३० सेकंदांत मागे घेता येतो. मुळात ही मुदत ५ सेकंद असते, ती संगणकावरच्या सेटिंग्जमध्ये "अनडू सेंड" इथे ३० करून ठेवा. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं "मास्क्ड आधार" द्या. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा सगळ्यांना ठाऊक असलेला आहे, त्याच्यावर विसंबू नका.

"आई, फोन बिघडलाय, हा माझा नवा नंबर, पैसे पाठव," असा संदेश आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी ती रक्कम गोठवणं कठीण.

प्रश्न : मी पाठवलेला मराठी मेल भावाला इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो.
– लालबाग

तुम्ही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करता आहात. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त देवनागरीचं चित्र. भावाकडे तो फॉन्ट नाही, म्हणून त्याला आतली अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करा: विंडोजच्या भाषांच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा आणि विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदला. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडली की बोलूनही टाइप होतं. जुन्या फॉन्टमधला तयार मजकूर असेल तर पीडीएफ करून जोडा. वाचता येईल, शोधता येणार नाही.

प्रश्न : कॉलेजची मैत्रीण फेसबुकवर सापडली. दोन महिने झाले, उत्तर नाही. राग असेल का?
– चेंबूर

तिने संदेश पाहिलाच नसण्याची शक्यता जास्त आहे. फ्रेंड लिस्टमध्ये नसलेल्यांचे संदेश मेसेंजरच्या "मेसेज रिक्वेस्ट्स"मध्ये जातात, आणि तिथे फार जण डोकावत नाहीत. फ्रेंड रिक्वेस्ट पाठवा, किंवा दोघींच्या ओळखीच्या कोणाला तरी "तिला रिक्वेस्ट्स उघडायला सांग" म्हणा. आणि पुढच्या संदेशात लग्नाआधीचं नाव, कॉलेज आणि वर्ष लिहा, नुसत्या "ओळखलंस का?"ला आजकाल भीतीपोटी कोणी उत्तर देत नाही.