तौबा केली, तरी मन का निवत नाही?

"आपा, तौबा केली, पण ती कबूल झाली कशावरून?" दर रमजाननंतर हा प्रश्न माझ्याकडे येतोच. तौबा म्हणजे गुनाह सोडून, पस्तावून अल्लाहकडे परतणं. बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत निपाणीची विड्या वळणारी बाई येते, खानापूरचा कॉलेजातला मुलगा येतो, संकेश्वरचा ट्रक चालवणारा येतो. तक्रार सगळ्यांची एकच. पाच वक्त नमाज आहे, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ आहे, ओठांवर अल्लाहचं नाव आहे, पण जिवाला स्वस्थता नाही. मग ते स्वतःच ठरवून टाकतात की अल्लाहने आपल्याला झिडकारलं. यांतल्या एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चिकोडी तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, ऊसवाले शेतकरी. घरात दखनी, शिक्षण मराठी शाळेत. बायको घेऊन आली होती. "रात्री दोनला उठतात, तहज्जुदची रात्रीची नमाज पढतात, मग पहाटेच्या फजरपर्यंत इस्तिगफार, माफीचा जप, चालू. जेवण तुटलंय." तपासण्या झाल्या होत्या, उमरा झाला होता. फरक नव्हता.

"काय वाटतं, चाचा?"

"अल्लाह नाराज आहे. कुरआनात आहे ना, अल्लाहच्या जिक्रनेच, त्याच्या आठवणीनेच, दिलांना करार, म्हणजे शांती, मिळतो. मला मिळत नाही. म्हणजे खोट माझ्यातच."

सूरह रअदची ही 28 वी आयत मी अनेकांच्या तोंडून अशीच ऐकली आहे, स्वतःविरुद्धच्या निकालासारखी. मी वाद घातला नाही. माझा कल मुळात कृतीकडे. भावना बदलायची वाट बघण्यापेक्षा माणसाने काय करायचं बाकी ठेवलंय ते मी आधी शोधते. त्यांना म्हटलं, मनावर असलेले सगळे गुनाह एका कागदावर लिहा.

पुढच्या वेळी ते वहीचं पान घेऊन आले आणि माझ्यापुढे धरलं.

"मला दाखवू नका. अल्लाहने ज्यावर परदा घातला तो आपण उघडू नये, ही आपली शिकवण. फक्त एवढं सांगा, यात माणसं किती आहेत?"

"माणसं?"

"हो. तुमच्या आणि अल्लाहच्या मधली नाही, तुमच्या आणि दुसऱ्या कुणाच्या मधली गोष्ट."

त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "एक पण नाही."

"पन्नास वर्षं शेतीत, भावकीत काढली, आणि एक पण नाही?"

ते पानाची घडी घालू लागले. अर्धी, मग पाव, मग आणखी लहान, शेवटी कागद दुमडेना तेव्हा थांबले. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने दिलासा दिला की समोरच्याची सुटका होते आणि गोष्ट आतच राहते, असा माझा अनुभव आहे.

"बहीण आहे मिरजेला," ते म्हणाले.

वडील गेल्यावर ती ईदला माहेरी आली होती. "बँकेच्या कामाला सही लागते" म्हणून ते तिला कचेरीत घेऊन गेले. कागद होता हक्कसोडपत्र, आणि तो कन्नडमध्ये. ती शिकली मराठीत. तिने कुठे करू विचारलं, त्यांनी बोट ठेवलं, तिने सही केली. येताना तिला बांगड्या भरल्या.

"तिने कधी मागितलं नाही हो."

"मागितलं नाही म्हणून हक्क बुडतो?"

"नाही," त्यांनीच उत्तर दिलं. "मुलाला दोन, मुलीला एक. सूरह निसा. जुम्याच्या बयानात कितीदा ऐकलंय." आई आधीच गेलेली, भावंडं दोनच. तिसरा हिस्सा बहिणीचा होता, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मग ते स्वतःच म्हणाले, "रात्रभर मोटर चालू आणि पाट मध्येच फुटलेला. शेवटच्या सरीला पाणी पोचणार कसं?"

तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी तौबेच्या अटी स्पष्ट मांडल्या आहेत. गुनाह सोडणं, त्याचा पस्तावा होणं, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. हे तीन अल्लाह आणि बंद्यामधल्या गोष्टींसाठी. दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर चौथी अट, हक्क परत करणं किंवा त्याच्याकडून माफी घेणं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण दुसरीच अट पुन्हा पुन्हा पुरी करत असतात. पस्तावा जितका जास्त तितकी तौबा मोठी, असं त्यांना वाटतं. चाचांच्या अस्वस्थपणाला ते अल्लाहची नाराजी समजत होते. मला त्यात रहमत दिसली. जिक्र त्यांना बधिर करत नव्हता, रोज रात्री त्या कचेरीत नेऊन उभं करत होता.

हिशोब सोपा नव्हता. बोअर, पाइपलाइनचा खर्च त्यांचा. जमिनीचा दर सरकारी धरायचा की बाजारभावाने? गावच्या मौलानांनी बाजारभाव सांगितला, मीही तोच धरायला लावला. रक्कम एकदम देणं शक्य नव्हतं, म्हणून उसाचं बिल येईल तसे हप्ते ठरले.

मिरजेहून आले ते हिरमुसलेले. बहीण म्हणाली होती, "मला त्याच महिन्यात कळलं होतं, भाईजान. तुम्ही कधी बोलताय ते बघत होते." पैसे घेतले. माफीचं विचारलं तर "बघू" म्हणाली.

"तिने माफ केलंच नाही, आपा."

"देणं तुमच्याकडे होतं. माफी तिच्याकडे आहे, तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. झोप कशी आहे?"

ते जरा गोंधळले. "झोप… आल्यापासून लागतेय."

बहिणीची माफी यायच्या आधी झोप आली. हे मी पुढे इतरांच्या बाबतीतही पाहिलं. समाधान निकालाला बांधलेलं नसतं, आपण तोंड कुठे वळवलंय त्याला बांधलेलं असतं. आता काही मशिदींचे इमामसाहेब आपणहून माणसं माझ्याकडे पाठवतात, ते "यात माणसं किती?" या एका प्रश्नासाठी.

हक्कदार वारला असेल तर त्याच्या वारसांना द्यावं. शोधूनही सापडत नसेल तर त्याच्या नावाने सदका, म्हणजे दान करावं. पाठीमागे निंदा केली असेल आणि सांगून नवी जखमच होणार असेल, तर अनेक उलमा सांगतात, त्याच्यासाठी दुआ करावी आणि जिथे वाईट बोललो तिथेच चांगलं बोलावं.

मात्र काहींच्या कागदावर खरोखरच कुणी माणूस नसतो. वजू, म्हणजे नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं, पाच-पाच वेळा, नमाज पुन्हा पुन्हा, नियत चुकली का ही धाकधूक. त्यांना मी आणखी इस्तिगफार कधीच सांगत नाही. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, जुना नियम आहे, शंकेने यकीन, म्हणजे खात्री, जात नाही. वजू केलाय हे पक्कं आहे ना, मग तो आहे. सूरह जुमरच्या 53 व्या आयतीत अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका असा हुकूमच आहे. यात रोजचे तास जात असतील तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. तो आजार आहे, ईमानाची कमतरता नव्हे. त्यावर औषधं आहेत, उपचार आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात दीनविरुद्ध काही नाही. घरच्यांनी अशा माणसाला "झाला ना माझा वजू?" याचं उत्तर दर वेळी देत बसू नये. एकदा सांगावं, आणि मग चहाला बोलवावं.