नाशिकमध्ये माजी सैनिक वडिलांना ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) डॉक्टरची वेळ लवकर कशी मिळेल?

वडिलांचं वय 75 किंवा त्याहून जास्त असेल, तर ओपीडीसाठी पॉलिक्लिनिकचं (ईसीएचएसच्या दवाखान्याचं) रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, लागत नाही, थेट पॅनेलवरच्या (योजनेशी जोडलेल्या) हॉस्पिटलात तज्ज्ञांना दाखवता येतं. हे खूप जणांना कुणी सांगतच नाही! माझे वडील निवृत्त हवालदार. 78व्या वर्षी गुडघे धरत कळवणहून पहाटेच्या एसटीने देवळालीला यायचे, फक्त त्या एका कागदासाठी. आजही आठवलं की जीव तुटतो.

वय कमी असेल तर साधारणपणे रेफरल घ्यावं लागतं. पण त्याआधी ‘सेहत ओपीडी’वर (2021 पासून सुरू आहे) घरबसल्या व्हिडिओवरून लष्करी डॉक्टरांशी बोलून घ्या. किरकोळ तक्रारीसाठीची खेप वाचते.

छातीत दुखणं, पक्षाघात, अपघात अशा वेळी रेफरलची वाट अजिबात बघू नका. जवळचं हॉस्पिटल गाठा, सोबत ईसीएचएस कार्ड ठेवा. हॉस्पिटल पॅनेलवरचं नसेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायची जबाबदारी घरच्यांची. ते राहिलं तर बिलाचे पैसे मिळताना फार त्रास होतो.

पॅनेलवरचं हॉस्पिटल ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणत असेल तर पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (प्रभारी अधिकाऱ्यांना) लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.