त्यात कृष्ण कोण?

रोमच्या यादवी युद्धावर 'फार्सालिया' हे महाकाव्य लिहिणाऱ्या ल्यूकन या रोमन कवीचा गेल्या अंकात मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न : आमच्याकडे श्रावणात पांडवप्रताप लावतात. रोमन लोकांकडेही भावाभावांच्या लढाईवर महाकाव्य आहे, असं तुम्ही लिहिलंत. मग त्यात कृष्ण कोण? (एक वाचक, कागल)

कोणीच नाही. तुमचा प्रश्न थेट या काव्याच्या मुळाशी जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कथा. सीझर आणि पॉम्पी हे रोमचे दोन बडे सेनापती, नात्यानं सासरे-जावई. सीझरची मुलगी ज्युलिया पॉम्पीला दिली होती, ती इ.स.पू. ५४ मध्ये बाळंतपणात गेली आणि दोन घरांमधला धागा तुटला. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझर फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत शिरला आणि यादवी पेटली. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्टला, ग्रीसमधल्या फार्सालसच्या मैदानात पॉम्पी हरला. पळून इजिप्तला गेला आणि किनाऱ्यावर उतरता उतरता मारला गेला. या सगळ्यावर ल्यूकननं दहा सर्ग लिहिले, सुमारे आठ हजार ओळी. दहावा अर्धाच राहिला.

त्याच्या आधीच्या महाकाव्यांत देव सारखे मध्ये पडतात. कोणी वादळ पाठवतो, कोणी आपल्या लाडक्या वीराला ढगात लपवून नेतो. ल्यूकननं हे सगळं काढून टाकलं. त्याच्या काव्यात देवांची नावं येतात, पण रणात कोणी उतरत नाही. फार्सालसच्या वर्णनात तर तो उघड म्हणतो की आम्हाला देव नाहीतच, सगळं आंधळ्या योगायोगानं चाललंय. इतकं निर्भीड वाक्य त्या काळच्या महाकाव्यात वाचताना अंगावर येतं.

पण अर्जुन आहे. तो एक नाही, हजारो आहेत, आणि त्यांना नावं नाहीत. हा प्रसंग चौथ्या सर्गात येतो. स्पेनमधल्या इलेर्दा गावाजवळ सीझरची आणि पॉम्पीच्या बाजूची फौज इतक्या जवळ तळ ठोकते की तटावरून समोरच्याचा चेहरा दिसतो. एकाला पलीकडे आपला नातलग दिसतो. कोणाला ज्याच्या घरी पाहुणचार घेतला तो माणूस दिसतो, कोणाला लहानपणी एकत्र शिकलेला सवंगडी. पुकारे सुरू होतात. मग तट ओलांडून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. हातातली शस्त्रं आसवांनी भिजतात. गवताच्या ढेकळांच्या चुली पेटतात, दोन्हीकडचे एका पंगतीला बसतात, आणि रात्रभर कोणाला झोप नाही: तू कुठं लढलास, तो भाला कोणी फेकला होता, अशा गप्पा.

सकाळपर्यंत युद्ध संपलंच होतं म्हणा. तेवढ्यात पॉम्पीच्या बाजूचा सेनापती पेट्रेयस येतो. आपल्या खासगी शिबंदीच्या हाती तलवारी देऊन तो त्या मिठ्या तोडतो आणि आलेल्या पाहुण्यांची कत्तल करवतो. मग भाषण ठोकतो. सैनिकांचे हात आधी कचरतात. पण पहिला वार पडतो, आणि ल्यूकन लिहितो की वार करता करता त्यांच्या मनात आपल्याच माणसांविषयी द्वेष तयार झाला. आधी द्वेष आणि मग वार, असं आपण धरून चालतो. या पोरानं (तो लिहीत होता तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती) क्रम उलटा पाहिला, आणि मला तो खरा वाटतो.

कुरुक्षेत्रावर अर्जुनानं धनुष्य टाकलं तेव्हा उत्तर द्यायला कृष्ण शेजारी होता. इलेर्दाला त्याच प्रश्नावर पेट्रेयस आला.

पुढं पाण्यावाचून तडफडून पॉम्पीच्या बाजूची हीच फौज शरण येते. तिचा दुसरा सेनापती अफ्रेनियस सीझरकडे एकच गोष्ट मागतो: आम्ही हरलो आहोत, आता आम्हाला तुझ्या बाजूनं जिंकायला लावू नकोस. सीझर त्यांना घरी सोडतो. अख्ख्या काव्यात मला सुखी वाटतात ती हीच माणसं, हत्यारं ठेवून घरची वाट धरणारी.

आणखी एक फरक. आपल्याकडे स्त्रीपर्वात मेलेल्यांच्या चिता रचल्या जातात, युधिष्ठिर कर्णालासुद्धा पाणी देतो. ल्यूकनचा सीझर फार्सालसच्या दुसऱ्या दिवशी प्रेतं दिसतील अशा जागी न्याहारी मांडायला सांगतो आणि शत्रूच्या बाजूच्या मेलेल्यांना अग्नी नाकारतो. त्यानंतर येणाऱ्या ओळींत कवी सीझरशी अक्षरशः भांडतो.

प्रश्न : मी पेठेतल्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकतो. या काव्यात लढाईची, शौर्याची वर्णनं आहेत का? पोवाड्यासारखं काही? (एक विद्यार्थी, शिवाजी पेठ)

आहेत, आणि ती वाचून तुला अस्वस्थ व्हायला होईल. तुला स्केवाची गोष्ट सांगतो.

स्केवा हा सीझरचा शंभरांवरचा नायक. आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावर, द्युरॅकियमला, एका गढीवर पॉम्पीची फौज चाल करून आली तेव्हा तो टिकून राहिला. सीझरनं स्वतः या युद्धाचा वृत्तांत लिहिलाय, त्यात हा माणूस आहे: त्याच्या ढालीला १२० भोकं मोजली, मग सीझरनं त्याला दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) बक्षीस दिलं आणि नायकांमध्ये सगळ्यात वरच्या हुद्द्यावर बढती दिली. एका सेनापतीनं आपल्या शूर माणसाची केलेली ही नोंद, चोख आणि कोरडी.

आता तोच माणूस ल्यूकनच्या सहाव्या सर्गात बघ. सोबती पळत असतात, हा एकटा तटावर उभा. आधी प्रेतं खाली ढकलतो. छातीत इतके भाले रुतलेत की जणू रान उगवलंय. एक बाण डोळ्यात लागतो. तो बाण डोळ्यासकट उपसून पायाखाली तुडवतो. मग शरण आल्याचं सोंग करतो आणि आपल्याला उचलून न्यायला आलेल्याच्या गळ्यात तलवार खुपसतो.

तुझ्या आखाड्यात ढाल-तलवार, दांडपट्टा फिरतो तेव्हा हलगीच्या ठेक्यावर बघणाऱ्याचंही रक्त सळसळतं. ल्यूकन तुला तसंच सळसळू देतो, आणि ऐन भरात थांबवतो. स्केवाची ओळख करून देतानाच त्यानं सांगितलेलं असतं की यादवी युद्धात शौर्य हा केवढा मोठा गुन्हा असतो, हे या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि शेवटी त्यालाच उद्देशून म्हणतो: अरे अभाग्या, एवढं शौर्य खर्चून तू काय मिळवलंस, तर एक मालक.

आपल्या करवीरच्या इतिहासातही अशी जागा आहे. १७०७ मध्ये ताराराणींनी शाहूंना अडवायला फौज पाठवली, खेडजवळ गाठ पडली, आणि धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. एका घराण्याच्या दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहानं वारणा नदी हद्द ठरली. खेडच्या लढाईचा पोवाडा करायला बसलास तर डफावर थाप कोणाच्या नावानं मारशील? हीच अडचण ल्यूकनपुढं होती. फार्सालसला बाप-लेक, भाऊ-भाऊ समोरासमोर येतात तिथं त्यानं वर्णन अर्ध्यावर सोडलं. स्वतःच्या मनाला तो म्हणतो, युद्धाच्या या भागापासून पळ, हे अंधारात राहू दे. रोम, या लढाईत तू जे केलंस त्याबद्दल मी गप्प राहीन. महाकाव्याच्या कवीनं मुख्य लढाईच्या ऐन मध्यावर असं म्हणायला फार मोठं धाडस लागतं. त्याच्यावर भडकपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही जागा पुन्हा वाचावी.

प्रश्न : पहिल्या सर्गात ल्यूकन सम्राट नीरोची भरमसाट स्तुती करतो. नीरोचा जन्म व्हायला दुसरी वाट नसेल तर हे सगळे अपराधही मान्य, असं म्हणतो. मग त्याला स्वातंत्र्याचा कवी कसं म्हणायचं? (बी. ए. च्या विद्यार्थिनी, राजारामपुरी)

अवघड जागी बोट ठेवलंत. काही अभ्यासक या स्तुतीला टोमणा मानतात. मला तसं वाटत नाही. ल्यूकन इ.स. ३९ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोबाला जन्मला. तत्त्वज्ञ सेनेका त्याचा काका, आणि तोच काका नीरोचा गुरू. विशीत हा मुलगा नीरोच्या खास गोटात होता, ६० साली नीरोच्या उत्सवात त्याच्या स्तुतीची कविता म्हणून त्यानं बक्षीस मिळवलं. तेव्हा स्तुती मनापासूनची असणार, निदान त्या दरबारात सगळे लिहीत तशी. पुढं बिनसलं. नीरो स्वतःला कवी समजत असे; त्यानं ल्यूकनच्या कवितेवर बंदी घातली. नंतरच्या सर्गांतला राग जसजसा चढत जातो, तसतशी पहिल्या सर्गातली ती स्तुती परकी दिसू लागते. त्यानं ती काढली नाही, की काढायला वेळच मिळाला नाही, कोण सांगणार.

६५ साली नीरोला मारण्याचा कट फुटला, त्यात ल्यूकन होता. तुम्ही त्याला स्वातंत्र्याचा कवी म्हणणार असाल तर पुढचंही माहीत असावं: रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सुटकेचं आश्वासन मिळाल्यावर त्यानं स्वतःच्या आईचं, अचिलियाचं, नाव सांगितलं. तिला शिक्षा झाली नाही, सुटकाही झाली नाही. तिचा विषय तसाच सोडून दिला गेला. त्याला मात्र मरणाचा हुकूम आला. शिरा कापल्यावर हातपाय गार पडू लागले, तेव्हा अशाच तऱ्हेनं मरणाऱ्या एका सैनिकावरच्या स्वतःच्या ओळी त्यानं म्हटल्या. वय २५. त्या पोराला मी भित्रा म्हणणार नाही आणि हुतात्माही म्हणणार नाही. कविता मात्र त्याच्याहून शूर आहे.

प्रश्न : टाऊन हॉल म्युझियममधला ब्राँझचा पोसायडन याच काळातला का? आणि हे काव्य वाचायचं तर सुरुवात कुठून करावी? (एक शिक्षिका, कसबा बावडा)

पोसायडनची मूर्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली, सातवाहनकालीन वस्तीत. रोमशी व्यापार भरात होता तो हा काळ, म्हणजे ढोबळमानानं ल्यूकनच्या आसपासचा. काव्याशी तिचा संबंध जोडू नका, पण मुलांना म्युझियममध्ये नेलंत तर समुद्रापलीकडचं ते जग आपल्या नदीपर्यंत पोचलं होतं, हे जरूर दाखवा.

वाचनासाठी सुझन ब्राउंड यांचा १९९२ चा इंग्रजी अनुवाद घ्या. टिपा चांगल्या आहेत. पहिल्या सर्गापासून सुरू करू नका, नावांच्या गर्दीत अडकाल. चौथा सर्ग घ्या, इलेर्दापासून. मग सातवा, सलग, एका बैठकीत. मग आठवा, पॉम्पीच्या मृत्यूचा. तिथपर्यंत आलात की पहिला आपोआप उघडतो. सहाव्या सर्गात एक चेटकीण रणात पडलेल्या सैनिकाच्या प्रेताला बोलायला लावते; तो भाग फार भयंकर आहे, शाळकरी मुलांना वाचून दाखवू नका. नवव्यात पॉम्पीच्या बाजूचा पुढारी केटो लिबियाच्या वाळवंटातून फौज नेतो, तिथं सापांची यादी लांबते. ती खुशाल गाळा.