हिमबिबट्याला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात, आणि मराठीत कोणता शब्द वापरावा?

ज्या लोकांच्या डोंगरांत हा प्राणी वावरतो, त्यांच्याकडे बहुधा त्याला स्वतःचे नाव असते: लडाखीत 'शान', मंगोलियनमध्ये 'इर्वेस', किर्गिझमध्ये 'इल्बिर्स'. रशियनांनी त्याच कुळातला 'इर्बिस' उचलला. इतरांनी ओळखीच्या जनावराला बर्फ जोडून काम भागवले. हिंदीतला 'हिम तेंदुआ', नेपाळीतला 'हिउँ चितुवा', फारसीतला 'पलंग-ए-बर्फी' आणि चिनीतला 'श्वेबाओ' हे सगळे शब्द याच घडणीचे आहेत. उर्दूत 'बर्फानी चीता'ही रूढ आहे. पण चित्ता हे अगदी वेगळे जनावर असल्यामुळे तो शब्द मला खटकतो.

सर्वांत गमतीचा प्रवास इंग्रजीतल्या जुन्या 'औन्स' या नावाचा आहे. त्याचा वजनाच्या औंसाशी काही संबंध नाही. लिंक्स या रानमांजराच्या नावावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'लोन्स' झाले, त्यातला आरंभीचा 'ल' हे नामाआधी लागणारे उपपद आहे असे समजून लोकांनी तो सोडून दिला आणि 'ओन्स' उरले. लिंक्सचे हे नाव पुढे हिमबिबट्याला चिकटले, आणि जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर यांनी 1775 साली 'उन्सिया' म्हणून ते शास्त्रीय नावातही आणले.

नावाने नाते ठरत नाही, हे आम्हा खानदेशकरांना वेगळे सांगायला नको. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी उसाच्या बांधावर बिबट्याचे ठसे उमटले, की वासरे आत ओढताना म्हातारी माणसे 'वाघ उना' (वाघ आला) असेच म्हणतात. मी लहानपणी ती चूक दुरुस्त करू पाहत असे. हिमबिबट्याच्या बाबतीत मात्र ती चूक खऱ्याच्या जवळ जाते, कारण जनुकीय अभ्यासांनुसार तो बिबट्यापेक्षा वाघाचा जवळचा नातलग आहे, जरी त्याला वाघासारखी डरकाळी फोडता येत नाही.

तरीही मराठीत मी 'हिमबिबट्या'च लिहितो. राखाडी अंगावरची ठिपक्यांची वर्तुळे पाहिल्यावर मराठी माणसाला आधी बिबट्याच आठवणार. अंगाच्या मानाने फारच लांब असलेली ती जाडजूड, झुबकेदार शेपटी तेवढी वेगळी. लडाखविषयी लिहिताना मात्र एकदा तरी 'शान' हा शब्द द्यावा, कारण 2024 साली जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतातल्या 718 हिमबिबट्यांपैकी 477 एकट्या लडाखात आहेत.